हुंडीसाठी एक पौंड

ब्लॅकबर्न,
16 नोव्हेंबर 2025

प्रिय पक्या,

स.न.वि.वि. तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. त्यातली दोन मिनिटं तू कर्वे रोडला रिक्षावाल्याशी भांडतोयस, तरी मुद्दा पोचला. "तुमच्याकडचे ते लोक अजून आपल्या कोंबडी-अंडीवाल्या व्यंकीजच्या नावानं शंख करतात का, आणि करतात तर मग मॅचला जातात कशाला?" असं विचारलंयस. फोनवर सांगण्यासारखं नाही ते, म्हणून लिहायला बसलो. शिवाय पाकिटात एक वस्तू पाठवतोय, ती व्हॉट्सअ‍ॅपवर जात नाही. तिचं शेवटी सांगतो.

काल शनिवार असून मॅच नव्हती, देशांच्या संघांसाठी सुट्टी होती. त्यामुळे डोकं जरा शांत आहे. या महिन्याच्या 5 तारखेला आमच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या फुटबॉल क्लबला दीडशे वर्षं झाली. 1875 चा क्लब. 1888 मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग निघाली, तिच्या बारा संस्थापकांपैकी एक. 1992 मध्ये प्रीमियर लीग निघाली, तिच्यातही पहिल्या दिवसापासून. आणि याच महिन्यात आपल्या पुण्याच्या मालकांना पंधरा वर्षं पुरी होतायत. म्हणजे क्लबच्या आयुष्याचा दहावा हिस्सा. हा हिशोब माझ्या शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं मला ऐकवला, आणि क्लबचा तो व्यवहार मीच सही करून केला असावा अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं.

तुला आठवत असेल, मी इथे सप्टेंबर 2010 मध्ये आलो. हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी, एक सूटकेस आणि आईनं दिलेली भाजणी. दोन महिन्यांत, नोव्हेंबरात, व्यंकीजनं क्लब घेतला. 2 कोटी 30 लाख पौंडांना. आपल्याकडे दुकानांवर पाटी असते ना, "आमची कोठेही शाखा नाही"? तर यांची शाखा निघाली ती नेमकी मी जिथे येऊन पडलो त्या गावात. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सगळे विचारायला लागले, तू पुण्याचा ना, ओळखतोस का त्यांना? मीही शेफारलो. म्हटलं, अरे, आमच्याकडे लहान पोराला विचारा. अंडी लोकांच्या रोजच्या ताटात आणणारे ते डॉ. बी. व्ही. राव, त्यांची ही मुलं. केतकावळ्याचा प्रतिबालाजी त्यांच्याच ग्रुपनं बांधलाय, आम्ही नारायणपूरला गेलो की तिथे लाडू खाऊन येतो. तेव्हा सगळे खूश होते रे. मला कँटीनमध्ये चहा फुकट मिळाला.

फुकटचा चहा चार आठवडेसुद्धा टिकला नाही.

13 डिसेंबरला त्यांनी मॅनेजर सॅम अलरडाइसला काढलं. संघ तेराव्या नंबरावर होता, काही आभाळ कोसळलं नव्हतं. त्याच्या जागी स्टीव्ह कीन, ज्यानं कधी कुठला संघ स्वतः चालवला नव्हता. वर पेपरात ब्राझीलच्या रोनाल्डिन्योला आणण्याच्या बाता. इथली माणसं रोनाल्डिन्यो ऐकून हुरळणारी नाहीत. गिरणीचं गाव आहे हे. एका माणसाच्या पैशावर जग जिंकता येतं हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि तो माणूस गावचाच होता. जॅक वॉकर, पोलादाच्या धंद्यातला. त्यानं डॅलग्लिशला मॅनेजर म्हणून आणलं, गोल करायला शिअररला आणलं, तिन्ही बाजूंचे स्टँड नवे बांधले आणि 1995 मध्ये अख्खी प्रीमियर लीग जिंकून दाखवली. मैदानाबाहेर त्याचा पुतळा आहे. लोक आत जाताना त्याला हात लावतात, आपण उंबऱ्याला लावतो तसा. तो 2000 मध्ये गेला आणि क्लब त्याच्या कुटुंबाच्या ट्रस्टकडे आला. त्या ट्रस्टला खर्च झेपेना, गिऱ्हाईक शोधत होते. व्यंकीजनी काही क्लब हिसकावला नाही. वॉकरच्याच ट्रस्टनं विकला. हे वाक्य मी इथल्या पबमध्ये एकदाच उच्चारलं. पुन्हा धाडस केलं नाही.

मग 2011 च्या ऑक्टोबरात संघाला विमानात घालून पुण्याला नेलं. तू बालेवाडीला गेला होतास, पुणे एफसीविरुद्ध, आपण 3-0 नं हरलो (की जिंकलो? मला तेव्हाही कळलं नव्हतं कुठल्या बाजूनं बोलायचं). तू फेसबुकवर फोटो टाकले होतेस आणि मी ते लाइक करावेत की नको यावर अर्धा तास घालवला होता. कारण इथे लोक भडकले होते. संघ तळाशी, आणि पोरांना जाहिरातीसारखं मिरवायला नेलंय! त्याच वर्षी खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून चिकनच्या तंगड्या खातायत अशी एक जाहिरातही आली होती. तुमच्याकडे ती बघून कुणाला काही वाटलं नसेल. इथे आजही कुणाला आठवली की दातओठ खातात.

आता कोंबडीची गोष्ट. तू ती नेहमी विनोद म्हणून सांगतोस, म्हणून एकदा नीट ऐक. 7 मे 2012, सोमवारची संध्याकाळ, लँकशरचा पाऊस, म्हणजे वरून कमी आणि बाजूनं जास्त. समोर विगन. हरलो की प्रीमियर लीगमधून खाली. सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, कुणीतरी स्टँडमधून एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. तिच्या अंगावर रोव्हर्सचा निळा-पांढरा झेंडा गुंडाळलेला. ती बिचारी ओल्या गवतावर गोंधळून उभी राहिली, मग पळाली, मग तिला पकडलं. वीस-पंचवीस हजार माणसं हसली. मीही हसलो. म्हातारा हसला नाही. तो म्हणाला, "आज क्लबचे रंग मनापासून अंगावर घेतलेली ती एकटीच दिसतेय." मॅच संपता संपता विगनच्या अल्काराझनं कॉर्नरवर हेडर मारला, 0-1, खेळ खलास. घरी चालत जाताना मी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली होती. थंडीसाठी नाही रे. आपला चेहरा त्या रात्री त्या रस्त्यावर नको वाटला. मला कुणी काही बोललं नाही, हेही लिहायला हवं. एका बाईनं तर छत्रीत घेतलं.

पुढचं थोडक्यात. पुढच्या एका हंगामात पाच जणांनी संघ सांभाळला. हेनिंग बर्ग 57 दिवस, मायकल ॲपलटन 67 दिवस. आपल्याकडे महानगरपालिकेचा आयुक्तसुद्धा त्याहून जास्त टिकतो. 2017 मध्ये तिसऱ्या पायरीवर, म्हणजे प्रीमियर लीगच्या दोन लीग खाली घसरलो, तेही शेवटची मॅच ब्रेंटफर्डला जाऊन 3-1 जिंकून, निव्वळ गोलफरकावर. प्रीमियर लीग जिंकलेला आणि तिसऱ्या पायरीवर गेलेला पहिला क्लब. टोनी मोब्रेनं वर्षभरात परत वर आणलं, तेवढंच सुख.

त्याच दिवसांत मालकांच्या निषेधात लोकांनी जे केलं ते मला अजून विसरता येत नाही. ठरलं असं की अठराव्या मिनिटापर्यंत कुणी आत जायचं नाही आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला उठून बाहेर पडायचं. अठरा आणि पंचाहत्तर, 1875. तिकिटाचे पैसे भरलेले असताना बाहेर फुटपाथवर उभं राहायचं, आतून ओरडा ऐकू आला की एकमेकांकडे बघायचं, आणि तरी आत जायचं नाही. मी उभा होतो. माझ्या शेजारी एक पोरगा होता, दहा-बारा वर्षांचा, बापाचा हात ओढत होता. बाप घड्याळ बघत म्हणत होता, अजून चार मिनिटं.

यावरून एक आठवलं. इवुड पार्कच्या, म्हणजे आमच्या मैदानाच्या, ज्या टोकाला बाहेरगावचे प्रेक्षक बसतात त्याचं नाव डार्वेन एंड. डार्वेन म्हणजे शेजारचं गाव, बसनं पंधरा-वीस मिनिटं. 1931 च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेला आलेले गांधीजी तिथे येऊन राहिले होते. परदेशी कापडावरच्या आपल्या बहिष्कारानं इथल्या गिरण्या बंद पडल्या, माणसं बेकार झाली, ती बघायला. गिरणीतल्या बायका त्यांच्याभोवती हात उंचावून जयजयकार करतायत असा तो फोटो तू पाहिला असशील. आता त्यांची पणतवंडं पुण्याच्या मालावर बहिष्कार घालतात. म्हाताऱ्याला हे सांगितलं तर म्हणाला, "तो निदान भेटायला तरी आला होता."

तिथेच सगळं दुखणं आहे बघ, पक्या. कित्येक वर्षं झाली, मालक मंडळी इवुडला फिरकलेली नाहीत. लोक शिव्या पैशासाठी घालत नाहीत. पैसे तर त्यांनी ओतलेत, वीस कोटी पौंडांच्या वर गेलाय आकडा. या दुसऱ्या पायरीच्या लीगचं अर्थकारणच असं आहे की तुला ऐकून हसू येईल: कित्येक क्लब जेवढं कमावतात त्याहून जास्त नुसते पगारावर घालवतात, का तर कधीतरी वर जाऊ आणि टीव्हीचे पैसे मिळतील. मधला खड्डा मालकानं भरायचा. दरवर्षी. म्हणजे आमचा क्लब पुण्याहून येणाऱ्या मनीऑर्डरवर चाललेलं बिऱ्हाड आहे. आणि ज्याच्या मनीऑर्डरवर चूल पेटते, त्याच्याच नावानं दर शनिवारी आम्ही "व्यंकीज आउट" ओरडतो. मीही ओरडतो. आधी नुसते ओठ हलवायचो, आता आवाज काढतो.

2023 मध्ये मनीऑर्डर अडकली. परकीय चलनाच्या कायद्याखाली ईडीची चौकशी चालू, त्यामुळे इथे पैसे पाठवायचे तर दर वेळी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी, आणि जेवढी रक्कम पाठवायची तेवढीच बँक हमी तिथे ठेवायची. चौकशी म्हणजे गुन्हा नव्हे, ते कोर्ट बघेल. पण त्या दिवसांत इथला माणूस कसा झाला होता सांगू? लँकशरमधले पेन्शनर दिल्ली हायकोर्टाची तारीख तोंडपाठ म्हणत होते! मला विचारायचे, "अ‍ॅडजर्न म्हणजे तुमच्याकडे किती दिवस?" मी म्हटलं, आमच्याकडे ते दिवसात मोजत नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या देशाविषयीच्या एखाद्या प्रश्नाला मी अचूक उत्तर दिलं.

पैसे अडले की घरातलं विकावं लागतं. ॲडम व्हार्टन, इथेच जन्मलेला, सहा वर्षांचा असल्यापासून आमच्या अकादमीत. फेब्रुवारी 2024 मध्ये क्रिस्टल पॅलेसला 1 कोटी 80 लाख पौंडांना गेला. चार महिन्यांत इंग्लंडच्या युरोच्या संघात, पुढच्या वर्षी एफए कप खिशात. त्याच खिडकीत, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या मुदतीत, एक अमेरिकन स्ट्रायकर घ्यायचा होता, तो कागदपत्रांच्या घोळात हातचा गेला. त्याच्या आधीच्या वर्षीही एक खेळाडू असाच कागद वेळेत न पोचल्यामुळे गेला होता. यंदा उन्हाळ्यात महिलांच्या संघालाच वरच्या लीगमधून काढून घेतलं, दुसऱ्या पायरीच्या अटी पुऱ्या करण्याचा खर्च परवडत नाही म्हणून. किएरा वॉल्श, जॉर्जिया स्टॅनवे, एला टून, या युरो जिंकणाऱ्या पोरी कधी काळी याच क्लबकडून खेळल्यात. मला सगळ्यात जास्त चीड याची आली. पुरुषांच्या संघातल्या एखाद्या बऱ्या खेळाडूच्या पगाराएवढी गोष्ट असेल ती.

मग तू विचारशील, एवढं आहे तर मालक जाऊ देत ना. तिथेच घोडं पेंड खातं. इथून जवळच बरी नावाचं गाव आहे, त्याच नावाच्या क्लबचं. 2018 च्या डिसेंबरात तो क्लब एका माणसाला एका पौंडाला विकला गेला. एक पौंड! आपल्याकडे शकुनाचा रुपया देतात तसा. नऊ महिन्यांत, 27 ऑगस्ट 2019 ला, लीगनं त्यांना काढून टाकलं. 125 वर्षं लीगमध्ये होते, दोनदा एफए कप जिंकलेला. त्या दिवशी सकाळी त्यांची माणसं घरून झाडू, बादल्या, फडकी घेऊन मैदान धुवायला आली होती, शनिवारी मॅच होईल या आशेनं. खुर्च्या पुसल्या. एका माजी संचालक बाईंनी तर त्याआधी स्वतःला स्टेडियमच्या पाइपाला हातकडीनं बांधून घेतलं होतं. रात्री निकाल आला. माझ्या लॅबमधली एक मुलगी बरीची आहे. दुसऱ्या दिवशी तिच्या हातांना ब्लीचचा वास येत होता. तेव्हापासून इथे "मालक बदला" म्हणणारा प्रत्येक जण वाक्य संपताना जरा आवाज खाली आणतो. गेल्याच महिन्यात शेफिल्ड वेन्सडे प्रशासकाच्या हातात गेला, 12 गुण कापले, संघ थेट तळाला. आणि त्यांची माणसं काय करत होती? नाचत होती! जुना मालक गेला म्हणून क्लबच्या दुकानासमोर रांगा लावून मफलर विकत घेत होती. मला ते बघून हसावं की रडावं कळेना. म्हातारा मात्र हेव्यानं बघत होता. सरकारनं आता कायदा करून स्वतंत्र नियामक नेमलाय, मालकांची झाडाझडती घेणार म्हणे. बघू.

आता तुझा खरा प्रश्न, मग जातात कशाला. त्यावर मी तुलाच विचारतो. आपल्या पुण्यात किती क्लब होते रे? पुणे एफसी 2013 मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला होता, दोन वर्षांनी बंद. भारत एफसी एकच हंगाम. डीएसके शिवाजीयन्स 2017 मध्ये गेला. एफसी पुणे सिटी 2019 मध्ये; त्याची जागा हैदराबादला गेली, तिथे त्यांनी इंडियन सुपर लीगसुद्धा जिंकली, आणि आता यंदा तेही बिऱ्हाड दिल्लीला हललं. चार वर्षांत चार क्लब, आणि कुणी एक कोंबडी सोडली नाही. तू आणि मी एसएसपीएमएसच्या मैदानावर धुळीत बसून मॅचेस बघितलेली माणसं, आपणसुद्धा फोनवर "च्च" एवढंच म्हणालो आणि विषय बदलला. तुझ्याकडे पुणे एफसीचा तो स्कार्फ होता, त्याचं काय झालं? वहिनींनी मिक्सर झाकायला घेतला होता असं अंधुक आठवतंय.

मी त्यांना दोष देत नाही, आपल्यालाही नाही. आपल्याला ते क्लब कंपन्यांचे वाटले, म्हणून कंपन्यांनी आवरले तेव्हा आपलं काही गेलं नाही. इथल्या माणसाला कागद दाखवून सांग, शंभर टक्के शेअर पुण्याच्या कंपनीच्या नावावर आहेत. तो म्हणेल, बरं, आणि मैदान ओलं असेल का शनिवारी?

माझ्या मागच्या रांगेतला एक माणूस 2016 मध्ये म्हणाला, हे लोक जाईपर्यंत एक पेनी देणार नाही. त्यानं सीझन तिकीट सोडलं. खरंच सोडलं, आजपर्यंत आत पाऊल टाकलेलं नाही. पण दर घरच्या मॅचला तो गाडी घेऊन नटल स्ट्रीटवर येतो, स्टँडच्या भिंतीला लागून पार्क करतो आणि काच खाली करून रेडिओवर कॉमेंट्री ऐकतो. रेडिओ दोन-चार सेकंद मागे असतो. म्हणजे गोल झाला की आधी त्याला भिंतीपलीकडून आरोळी ऐकू येते, आणि मग रेडिओवर तो गोल होतो. मी विचारलं, त्रास नाही होत? म्हणाला, उलट बरं, ती दोन सेकंदं आपली बाजू असेल असं समजून बसता येतं.

तर आता पाकिटातली वस्तू. गेल्या महिन्यात हाफ टाइमला मीट अँड पोटॅटो पाय खाता खाता मी म्हाताऱ्याला प्रतिबालाजीची गोष्ट परत सांगितली. हुंडी म्हणजे काय तेही सांगितलं. त्यानं पायचा चुरा झटकला, खिशातून एक पौंडाचं नाणं काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. "त्या तुमच्या देवाच्या पेटीत टाक. बरीचा क्लब तेवढ्यालाच विकला होता, आमचंही होऊन जाईल." मी म्हटलं, टाकतो, पण मागायचं काय ते नीट सांग. त्यांनी विकावा म्हणून, की पैसे पाठवत राहावेत म्हणून? तो बराच वेळ गप्प बसला. संघ परत मैदानात आले, शिट्टी झाली, आम्ही चेंडू लगेच घालवला.

मग म्हणाला, "आधी एक मिडफिल्डर माग."

नाणं पुठ्ठ्याला सेलोटेपनं चिकटवलंय, पोस्टातल्या बाईनं विचारलं तर बटण म्हणून सांगितलं. पुढच्या वेळी नारायणपूरला जाशील तेव्हा वाकडी वाट करून केतकावळ्याला जा आणि टाक. आणि लाडू तिथेच सगळे संपवू नकोस, जानेवारीत मामा येणार आहेत, त्यांच्याबरोबर दोन पाठव. एक म्हाताऱ्याला द्यायचाय.

वहिनींना नमस्कार. स्कार्फ सापडला तर धुऊन ठेव.

तुझा,
नंद्या